ड्रममध्ये काय आहे ते ड्रमवर लिहा, आणि मराठीत लिहा : एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, रसायने व खते, भारत सरकार
मा. मंत्री, पर्यावरण, वन व हवामान बदल, भारत सरकार
मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : घातक रसायनांच्या वर्गीकरणाची जागतिक पद्धत भारतात कायद्याने लागू करणे आणि लेबले मराठीतही छापणे

सन्माननीय महोदय,

खेड आणि चिपळूणच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या आसपासच्या गावांत मी डॉक्टरकी करते. पावसाळ्यात लेप्टोचे ताप, लावणीच्या दिवसांत कंबरदुखी, आंब्याच्या मोसमात फवारणीने गरगरलेली माणसे आणि बारमाही, कंपनीतून आलेला एखादा कामगार, असे माझे रुग्ण. या कामगाराला मी पहिला प्रश्न विचारते, "अंगावर काय पडलं?" उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाचे असते : "केमिकल."

त्यापुढे त्याला काही सांगता येत नाही. ज्या ड्रमचे झाकण त्याने उघडले, त्यावर त्याला वाचता येईल असे काही लिहिलेलेच नव्हते. हे पत्र त्या ड्रमबद्दल आहे.

अंगावर काय पडले हे कळल्याशिवाय डॉक्टरचे काही चालत नाही. सगळ्याच रसायनांवर भरपूर पाणी ओतून भागत नाही. सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर सांडले तर सुरुवातीला फारसे काही दिसत नाही. काही तासांनी कळ हाडापर्यंत जाते, रक्तातले कॅल्शियम घटते आणि हृदय दगा देऊ शकते. त्याला कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लागते. ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाला ॲट्रोपिन लागते. सायनाइडचा उतारा आणखी निराळा, आणि तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

एक प्रसंग सांगते. कारखान्याचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कारखान्याचा नाही. ठेकेदाराच्या माणसाने एका पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले. डोके जड झाले होते, किंचित धाप लागत होती, पण बोलत होता, हसायचाही प्रयत्न करत होता. ओठ आणि नखे मात्र निळसर. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर पंच्याऐंशी. ऑक्सिजन सुरू केला, तरी आकडा तिथेच. रक्ताचा नमुना काढला तर सिरिंजमध्ये चॉकलेटी रंगाचे रक्त. नायट्रो किंवा अमिनो जातीची काही रसायने कातडीतून शोषली गेली की रक्तातले हिमोग्लोबिन बिघडवून टाकतात आणि ते प्राणवायू वाहू शकत नाही. रंग आणि औषधांची मध्यवर्ती रसायने बनवणाऱ्या पट्ट्यात हे दिसणारच. रसायन कोणते, म्हणून विचारले. पोरगा म्हणाला, "तेलासारखं होतं, तपकिरी. बूट भिजला होता, शिफ्ट संपेपर्यंत तसाच घातला." सोबतच्या माणसाने कंपनीतून ड्रमचा फोटो मागवला. फोटोत निळा ड्रम, त्यावर मार्करने लिहिलेला तीन अक्षरांचा कोड आणि बॅच नंबर. बस. कंपनीत फोन केला तर, "साहेबांना विचारून कळवतो." तोवर आम्ही त्याला मिथिलीन ब्लू हा उतारा मिळेल अशा मोठ्या रुग्णालयात हलवले होते. तो वाचला. रसायनाचे नाव कंपनीकडून आले तेव्हा त्याचे ओठ पुन्हा लाल झाले होते.

त्या ड्रमवर लाल चौकटीतली कवटी आणि "कातडीला लागल्यास विषारी" एवढे मराठीत असते, तर त्या पोराने भिजलेला बूट शिफ्टभर पायात ठेवला असता का? मला नाही वाटत. आपली माणसे बेफिकीर आहेत असे वरच्या लोकांना बोलायची सवय आहे. ती बेफिकीर नाहीत, त्यांना सांगितलेले नसते.

भोपाळमध्ये हेच झाले होते, फार मोठ्या प्रमाणावर. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री माणसे रुग्णालयात लोटली तेव्हा वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे तिथल्या डॉक्टरांना वेळेवर कळले नाही. त्यातून देशाने धडा घेतला हे मान्य केले पाहिजे. १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम ४१ब आले आणि धोक्याची माहिती कामगारांना, शेजारच्या वस्तीला आणि स्थानिक प्रशासनाला देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियम आले. सुरक्षा माहितीपत्रक हवे आणि प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि विषारीपणाची माहिती हवी, हे त्यात स्पष्ट लिहिले. त्या काळाच्या मानाने हे नियम चांगले होते. पण जग पुढे गेले आणि आपण तिथेच राहिलो.

जग कुठे गेले? १९९२ साली रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेत ठरले की घातक रसायनांचे वर्गीकरण आणि लेबल जगभर एकाच पद्धतीचे असावे, आणि खुणा सहज कळणाऱ्या असाव्यात. दहा वर्षे काथ्याकूट होऊन २००२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ती पद्धत मंजूर केली, २००३ साली ती प्रसिद्ध झाली. तिला जीएचएस (ग्लोबली हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजे जगभर सुसंगत केलेली पद्धत) म्हणतात. तिचे पुस्तक जांभळ्या मुखपृष्ठाचे असते आणि दर दोन वर्षांनी सुधारते. पांढऱ्यावर काळे चित्र, भोवती लाल चौकट टोकावर उभी केलेली, अशा नऊ खुणा. किती घातक हे सांगणारा एक इशाऱ्याचा शब्द. धोक्याची ठरलेली वाक्ये. आणि सोळा भागांचे माहितीपत्रक, ज्याचा चौथा भाग प्रथमोपचाराचा. हा आंतरराष्ट्रीय करार नाही. ज्या त्या देशाने आपल्या कायद्यात घ्यावा अशी ती व्यवस्था आहे. युरोपीय संघाने ती २००८ च्या कायद्याने घेतली. अमेरिकेने २०१२ साली कामगार सुरक्षेच्या नियमांत बसवली. जपान, चीन, दक्षिण कोरिया, सगळ्यांनी आपापल्या परीने घेतली.

आपल्याकडे २०११ साली वर्गीकरण, वेष्टन आणि लेबलांचे नियम मसुदा म्हणून आले आणि मसुदाच राहिले. मग २०२० साली रसायने (व्यवस्थापन व सुरक्षा) नियमांचा मसुदा तयार झाला. १९८९ चे नियम आणि १९९६ चे रासायनिक अपघात नियम बदलून त्यांच्या जागी जीएचएसवर आधारलेली व्यवस्था आणायची, असा तो विचार होता. तोही मसुदाच आहे.

या दिरंगाईने काय होते ते आकड्यात दाखवते, कारण "सुसंगतीकरण" म्हटले की ते जिनिव्हातल्या बैठकांचे काम वाटते आणि लोट्यातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही असे वाटते.

विषारीपणा मोजायचे एक जुने माप आहे : प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील एवढा डोस, दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका लहान, विष तितके जहाल. समजा एका पदार्थाचा तोंडावाटे घेतल्यावरचा हा आकडा २५० आहे. हा पदार्थ जहाजाने न्हावा शेवा बंदरात आला, तर संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांत ५० ते ३०० हा पट्टा वर्ग ६.१ मध्ये बसतो, म्हणजे कंटेनरवर कवटीची खूण. हेच कीटकनाशक असेल आणि देवगडच्या हापूसच्या बागेत तुडतुड्यांवर फवारायला गेले, तर आपल्याच कीटकनाशक नियमांत ५१ ते ५०० ला पिवळा त्रिकोण, म्हणजे लाल त्रिकोणाखालची दुसरी पायरी, अति विषारी. आता तोच पदार्थ लोटे, महाड किंवा रोह्याच्या धाटावमधल्या कारखान्यात ड्रमने आला. तिथे १९८९ च्या नियमांचे निकष लागतात, आणि त्यांत तोंडावाटेच्या विषारीपणाची शेवटची मर्यादा २०० आहे. पदार्थ यादीत नावानिशी नसेल तर या निकषाने तो विषारीच नाही!

जीएचएसमध्ये मात्र ५० ते ३०० म्हणजे तिसरा वर्ग, लाल चौकटीत कवटी. बंदरातही तेच, कारखान्यातही तेच.

बागेत विष, बोटीवर विष, आणि जिथे ते पिंपाने हाताळले जाते तिथे काही नाही. मंत्री महोदय, हे एका पदार्थाचे गणित आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या १९८९ च्या निकषांत तीनच प्रकार आहेत : झटपट विषारी, ज्वलनशील आणि स्फोटक. हळूहळू मारणाऱ्या रसायनांना त्या निकषांत जागा नाही. कर्करोग करणारी, दमा जडवणारी, यकृत खाणारी, पोटातल्या बाळाला इजा करणारी. डायमिथाइल फॉर्मामाइड हे औषध कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे द्रावक घ्या. कातडीतून आत जाते, यकृताला मारते, आणि युरोपच्या यादीत त्याच्यापुढे वाक्य आहे की पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. माझ्याकडे तिसऱ्या महिन्यात नाव घालायला आलेल्या बाईला मी विचारते, कुठे कामाला जातेस? "पॅकिंगला." कसले पॅकिंग? "पावडर असते, पांढरी." तिला आणि मला यापलीकडे काही माहीत नसते. जीएचएसमध्ये छातीवर तारा फुटल्यासारखी माणसाची आकृती आहे, ती या हळू मारणाऱ्या रसायनांसाठी. आणि औषध म्हणून ते रसायन गोळीच्या रूपात रुग्णाच्या पोटात जाते तेव्हा जीएचएसचे लेबल लागत नाही, पण ते बनवणाऱ्या, भरणाऱ्या कामगारासाठी धोक्याची माहिती लागते, हेही त्यात सांगितले आहे. औषध कंपन्यांनी भरलेल्या या पट्ट्यासाठी याला फार महत्त्व आहे.

आणि पाणी. आपल्या निकषांत माशांना मारणाऱ्या रसायनांचा वर्गच नाही. जीएचएसमध्ये आहे. शहाण्णव तासांत निम्मे मासे मारायला एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पुरत असेल, तर तो सर्वांत घातक जलवर्ग, आणि त्याची खूण मेलेला मासा आणि वठलेले झाड. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका, पाताळगंगा, कासाडी या नद्यांच्या काठी आपण रासायनिक वसाहती वसवल्या. लोट्याचे सांडपाणी प्रक्रिया होऊन दाभोळच्या खाडीत जाते. खाडीवर जगणारा भोई समाज वर्षानुवर्षे मेलेल्या माशांची तक्रार करतो आहे. त्यांतल्या एकाला मी या नऊ खुणांचा कागद दाखवला होता. बाकीच्या खुणांवर तो अडखळला, या एका खुणेवर त्याने सरळ बोट ठेवले आणि म्हणाला, "ही आमची." दुसरीकडे वायूच्या सिलिंडरची खूण लोकांना बाटली वाटते, आणि गोलावरची ज्वाळा नुसती ज्वाळा वाटते. ही चूक महागात पडते. नुसती ज्वाळा म्हणजे स्वतः पेटणारा पदार्थ. गोलावरची ज्वाळा म्हणजे दुसऱ्याला पेटवणारा, प्राणवायू पुरवणारा. हे दोन एका शेडमध्ये शेजारी ठेवायचे नसतात. म्हणून खुणा छापून भागणार नाही, त्या शिकवाव्या लागतील. जीएचएसच्या पुस्तकात सहावे परिशिष्ट खास याच कामाचे आहे : लेबल लोकांना कळते का, ते तपासायचे कसे.

खुणांची पद्धत चालते याचा पुरावा आपल्या किनाऱ्यावर आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा हे जहाज दुसऱ्या जहाजाला धडकले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशके होती, आणि माल वाहत रायगडच्या किनाऱ्याला लागला. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडाले; ६४० कंटेनरांपैकी बारांत कॅल्शियम कार्बाइड होते, जे पाण्याला लागले की ॲसिटिलीन हा पेटणारा वायू सोडते. किनाऱ्यावरच्या लोकांना कंटेनरला हात लावू नका, असे तातडीने सांगता आले, कारण जहाजावरच्या घातक मालाचा वर्ग आधीच नोंदलेला असतो. फिलिपिनो खलाशी असो की रत्नागिरीचा, वाहतुकीची चौकोनी खूण दोघांना सारखी कळते. जीएचएस याच वाहतुकीच्या पद्धतीवर उभारलेली आहे. रस्त्यावरही आपण नियम केलेला आहे : घातक माल नेणाऱ्या टँकरच्या चालकाला इंग्रजी आणि किमान एक भारतीय भाषा लिहिता-वाचता आली पाहिजे, टँकरवर आपत्कालीन माहितीचा फलक पाहिजे. मग टँकर फाटकातून आत गेला, माल ड्रममध्ये उतरला, ड्रममधून बादलीत गेला, की खूण कुठे जाते? सर्वांत जास्त माणसे त्या मालाला हात लावतात ती फाटकाच्या आतच.

इथे मी सर्वांत जास्त आग्रह धरते तो भाषेचा.

युरोपीय संघाच्या कायद्यात लेबल त्या त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावे लागते. इस्टोनियाची लोकसंख्या सुमारे १३ लाख. तिथे ड्रम जायचा असेल तर लेबल इस्टोनियन भाषेत. आमच्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाखांवर होती. कोकणातला जो कारखाना आपला माल युरोपात पाठवतो, त्याच्या ड्रमवर लाल चौकटीच्या खुणा आणि गिऱ्हाइकाच्या देशाची भाषा छापावीच लागते, नाहीतर माल तिकडे विकता येत नाही. म्हणजे माहिती आहे, छपाईयंत्र आहे, लेबल तयार करणारा माणूस आहे. तो ड्रम भरणारा आमचा माणूस पोर्तुगीज वाक्य चिकटवतो आणि त्याला स्वतःला वाचता येईल असे एक अक्षर त्या ड्रमवर नसते. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

देशात हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. कीटकनाशकाच्या बाटलीवर आणि आतल्या घडीपत्रकावर प्रादेशिक भाषा असावी, हे आपल्याच नियमांत आहे. राजापूरच्या बागायतदाराला मराठीत वाचायला मिळते. तेच विष बनवणाऱ्या कामगाराला का मिळू नये?

भाषांतराचे काम अवाढव्य आहे असेही नाही. जीएचएसची धोक्याची वाक्ये ठरलेली आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे, आणि एकच वाक्य हजारो रसायनांना लागते. एकदा नीट मराठी केले की राज्यातल्या प्रत्येक ड्रमला तेच चालते. युरोपने तर ही वाक्ये आपल्या सगळ्या भाषांत कायद्याच्या परिशिष्टातच छापून दिली आहेत, कारखानदाराला फक्त उतरवून घ्यायची. आपल्याकडे राज्याचे भाषा संचालनालय परिभाषा कोश करते. त्याने सुरक्षा संचालनालयाबरोबर बसून हे करावे, आणि मंत्रालयात बसून अंतिम करू नये. आधी लोट्यात, महाडात, तळोज्यात शिफ्ट सुटताना दहा कामगारांना वाचून दाखवावे आणि काय कळले ते विचारावे. शेजारी हिंदीही हवी. आमच्या वसाहतीत ठेकेदाराकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुले आहेत, आणि धोक्याची कामे बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात.

कारखानदारांची बाजू मला माहीत आहे. त्यांतले काही माझे रुग्ण आहेत आणि भले लोक आहेत. एक म्हणणे खर्चाचे. जीएचएस कोणालाही नवीन चाचण्या करायला लावत नाही, उपलब्ध माहितीवरून वर्गीकरण करायचे असते. लहान कारखान्याला तयार माहितीपत्रक पुरवठादाराकडून मिळायला हवे. त्यांना मुदत द्या, प्रशिक्षण द्या. युरोपनेही मिश्रणांसाठी २०१५ पर्यंत वेळ दिला होता. दुसरे म्हणणे गुपिताचे : ड्रमवर नाव लिहिले तर आमची प्रक्रिया शेजाऱ्याला कळेल. यात थोडे तथ्य आहे. पण रसायनाचे नाव झाकून त्याचा धोका उघड सांगता येतो, आणि जीएचएसची भूमिका तीच आहे की गुपितापायी सुरक्षेशी तडजोड नको. अमेरिकेच्या नियमांत तर इलाज करणाऱ्या डॉक्टरने आणीबाणीत विचारले तर गुपित रसायनाचे नावही ताबडतोब सांगावे लागते, कागदपत्रे मागाहून. मला तो फोन आठवतो, "साहेबांना विचारून कळवतो." असा नियम आपल्याकडे असता तर साहेबांना विचारायची गरजच नव्हती.

आता रिकाम्या ड्रमविषयी, कारण धोका फाटकाच्या आत थांबत नाही. एप्रिल-मे मध्ये खेड, पोलादपूर, मंडणगडच्या डोंगरातल्या वाड्यांत टँकरने पाणी येते आणि ते साठवायला दारोदारी निळी पिंपे असतात. एका वाडीत अंगणातल्या पिंपाला हात लावून पाहिला. लेबल अर्धे खरवडलेले, उरलेल्या तुकड्यावर लाल चौकटीचा एक कोपरा आणि इंग्रजीत दोन ओळी. झाकणाच्या आट्यांत पिवळट खरपुडी. घरच्या आजीने सांगितले, "तीनदा सोड्याने धुतलाय, बाई. आता वास येत नाही." भंगारवाल्याकडून घेतला होता. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे हा २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचराच आहे, परवानाधारक ठिकाणी शुद्ध करून मगच ती बाहेर जायला हवीत. ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. पण आजीला वाचता येणारे "यात पिण्याचे पाणी भरू नका" हे वाक्य पिंपावर कोरलेले असते, तर तिने पैसे देऊन ते घेतले नसते.

२०२३ च्या नोव्हेंबरात महाडच्या वसाहतीत स्फोट होऊन आग लागली आणि कामगार गेले. २०२१ साली लोट्यात गेले. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ साली. दर वेळी चौकशी होते, मदत जाहीर होते. हे सगळे अपघात लेबल नव्हते म्हणून झाले असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे ठरेल. पण आत काय साठवले आहे हे बाहेरच्या बंबवाल्याला, पोलिसाला, डॉक्टरला पहिल्या मिनिटाला कळणे हे प्रत्येक वेळी लागतेच. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे स्थानिक संकट गटात परिसरातले दोन डॉक्टर असायला हवेत. त्या दोघांच्या हातात वसाहतीतल्या रसायनांची धोकावर्गासह यादी नसेल, तर त्यांनी त्या बैठकीत बसून काय करायचे?

मागण्या अशा.

रसायने व खते मंत्रालय आणि पर्यावरण मंत्रालय यांनी मिळून २०२० चा मसुदा बाहेर काढावा, जीएचएसच्या ताज्या आवृत्तीशी जुळवून घ्यावा आणि तारखेसह अधिसूचित करावा. २०११ पासून हा देश मसुद्यांवर आहे. त्यात वर्गीकरण एकच असावे : बंदर, बाग आणि कारखाना यांना वेगवेगळे निकष नकोत. दीर्घकाळ होणारे आजार आणि जलचरांना धोका हे वर्ग वगळू नयेत. उद्योगांचा रेटा तिथेच येईल, हे मी आत्ताच लिहून ठेवते. लेबल राज्याच्या भाषेत आणि हिंदीत असणे बंधनकारक करावे, आणि ते मूळ ड्रमपुरते न ठेवता ड्रममधून काढून भरलेल्या कॅन, बादली, कार्बोय यांनाही लागू करावे. कोड नंबर कंपनीच्या हिशेबासाठी राहू द्या, पण त्याच्या शेजारी धोक्याची खूण हवीच.

संचालक महोदय, आपल्याकडून मला जास्त आशा आहे, कारण आपले निरीक्षक या ड्रमपर्यंत प्रत्यक्ष पोचतात. तपासणीला आलात की कार्यालयातली माहितीपत्रकांची फाइल पाहून परत जाऊ नका. ती फाइल नेहमीच नीट असते, इंग्रजीत असते आणि सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात असते. शेडमध्ये जा, ठेकेदाराकडच्या सर्वांत नव्या पोराला बाजूला घ्या आणि त्याच्या हातातल्या कॅनकडे बोट दाखवून विचारा, यात काय आहे, अंगावर सांडलं तर काय करशील? त्याचे उत्तर तपासणी अहवालात लिहा.

आणि एक गोष्ट दिल्लीची वाट न पाहता होऊ शकते. आपण एक परिपत्रक काढा : आपल्या कक्षेतल्या प्रत्येक रासायनिक कारखान्याने दिवसरात्र चालू असणारा एक फोन नंबर ठेवावा, तो परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना, उपजिल्हा रुग्णालयांना आणि खासगी डॉक्टरांना कळवावा, आणि रुग्ण समोर असताना डॉक्टरने विचारले तर फोन उचलणाऱ्याने कोणाची परवानगी न घेता रसायनाचे नाव सांगावे. रात्रपाळीच्या सुपरवायझरलाही तो अधिकार असावा. याला ना नवा कायदा लागतो ना खर्च. गणपतीच्या आधी हे परिपत्रक निघाले तर आमच्या भागातल्या डॉक्टरांची बैठक बोलावून नंबरांची यादी प्रत्येक दवाखान्यात लावायचे काम मी अंगावर घेते.

आपली,
लोटे परिसरातील एक डॉक्टर